तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर : वार ठरवण्यापलीकडे तुमची कंपनी काय देते?

कोपऱ्यातलं_टेबल (धागाकर्ती)

आमच्याकडे नवीन पॉलिसी आली. आठवड्यातले तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर. मेल चांगला दीड पानाचा. बॅज किती वाजेपर्यंत स्वाइप केला तर चालेल, इमारतीत किती तास बसलं की दिवस 'पूर्ण' धरणार, दिवस कमी पडले तर कोणाची परवानगी, सगळं तपशीलवार. उरलेल्या दोन दिवसांबद्दल मात्र एकच वाक्य : कर्मचाऱ्यांनी घरी कामास योग्य वातावरण राखावे. म्हणजे खुर्ची माझी, नेट माझं, इन्व्हर्टर माझा आणि वातावरण राखायची जबाबदारीही माझीच.

हा विषय निघाला की चर्चा लगेच 'घर बरं की ऑफिस' यावर जाऊन बसते. ते भांडण आपण मार्च २०२० पासून करतोय. टीसीएसने त्या वर्षी जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत पंचवीस टक्क्यांहून जास्त लोक ऑफिसात असायची गरजच उरणार नाही. त्याच टीसीएसने १ ऑक्टोबर २०२३ पासून लोकांना पाचही दिवस बोलावलं. इन्फोसिसमध्ये महिन्याला दहा दिवसांचा हिशेब आला, विप्रोत आठवड्याला तीन. हे आकडे उद्या पुन्हा बदलतील, त्यावर आपलं काही चालत नाही.

म्हणून मला वार नकोत. दोन्हीकडे काम नीट व्हावं म्हणून कंपनीने पैसा कशावर टाकला, कोणता नियम वाकवला, कशाने खरंच फरक पडला, ते लिहा. पिझ्झा फ्रायडे धरायचा नाही.

---

गुरुवारचा_उपास

पहिला नंबर माझा!

आमची पॉलिसी बंगळुरूहून आली. पुण्याच्या टीमला घरचा दिवस दिला गुरुवार. आता पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको, देखभालीची कामं काढायची तर महावितरणला गुरुवार लागतो. पाणी बंद ठेवायचं तर महापालिकेलाही गुरुवारच लागतो. म्हणजे आठवड्यातल्या ज्या एका दिवशी ऑफिसात बसणं शहाणपणाचं, त्याच दिवशी आम्ही घरी घामाघूम. मोबाइल हॉटस्पॉटवर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कची सुरक्षित जोडणी) तुटतंय, आणि तिकडून टीम लीड विचारतोय, 'कॅन यू हिअर मी?'

शेवटी आमच्या अ‍ॅडमिनमधल्या बाईंनी मनावर घेतलं. त्यांनी वर कळवलं की वार टीमवर सोडा, आणि ज्याच्या भागात लाइट जाणार आहे त्याला त्या दिवशी न विचारता ऑफिसात येऊ द्या, सीट बुकिंग वगैरे काही नको. खर्च शून्य. आजवर कंपनीने केलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच.

---

नटबोल्ट_चाकण

आयटीवाल्यांनो, तुमचं दुःख समजतं, पण जरा इकडेही बघा. आमचा कारखाना. डिझाइन, पर्चेस आणि अकाउंट्सला दोन दिवस घर मिळालं. शॉप फ्लोअरला काय मिळणार? सीएनसी मशीन घरी नेता येत नाही. पहिले सहा महिने कँटीनमध्ये वातावरण असं होतं की डिझाइनवाला पोरगा ताट घेऊन आला की कुणीतरी म्हणणारच, 'आज वाट कशी काय चुकलात साहेब?'

मग मालकाने युनियनशी बसून एक केलं. घर देता येत नाही ना, मग वेळ दे. शिफ्टचा तक्ता आधी आदल्या शनिवारी लागायचा, तो आता पूर्ण महिन्याचा एकदम लागतो. दोघांनी आपसात शिफ्ट बदलायची तर सुपरवायझरच्या सहीची गरज नाही, गेटवरच्या वहीत दोघांनी लिहिलं की झालं. पोराची शाळा, आईचं डायलिसिस, गावची जत्रा, सगळं माणसाला आधी बसवता येतं. टोमणे पूर्ण थांबले नाहीत, पण धार गेली.

हायब्रिडवर लिहिणारे नेहमी लॅपटॉपवाल्यांपुरतंच लिहितात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

---

कोपऱ्यातलं_टेबल

@नटबोल्ट_चाकण, हा मुद्दा माझ्या डोक्यातही नव्हता. महिन्याचा तक्ता ही भारी गोष्ट आहे. आमच्याकडे सपोर्ट टीमला तोही मिळत नाही.

---

ताळेबंद

पेशाने सीए, त्यामुळे खुर्चीबद्दल माझ्याकडून.

बऱ्याच कंपन्या 'होम ऑफिस अलाउन्स' म्हणून पगारात ठरावीक रक्कम टाकतात आणि टाळ्या घेतात. ती रक्कम पगारच आहे, त्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. तीस टक्क्यांच्या स्लॅबमधल्याला दहा हजार 'दिले' की सेस धरून सहा हजार आठशे ऐंशीच हातात येतात.

त्याऐवजी कंपनीने स्वतःच्या नावावर खुर्ची घेऊन तुम्हाला वापरायला दिली, तर करपात्र लाभ धरला जातो खुर्चीच्या किमतीच्या वर्षाला दहा टक्के. दहा हजारांच्या खुर्चीवर वर्षाला हजार रुपये उत्पन्नात मिळवायचे, कर लागला तर त्या हजारावर. लॅपटॉप आणि कॉम्प्युटर तर यातून पूर्ण वगळलेले आहेत. टेलिफोन-मोबाइलचं बिल कंपनीने भरलं तर तेही करपात्र लाभात येत नाही. म्हणजे तोच पैसा, कंपनीचा तेवढाच खर्च, पण दिला कसा यावर तुमच्या पदरात काय पडणार ते ठरतं. एचआरला हे माहीत असतं, पण कंपनीच्या नावावरच्या शंभर खुर्च्या शंभर घरी आहेत याचा हिशेब ठेवायचा कंटाळा असतो, म्हणून अलाउन्स.

---

मीटिंगमध्ये_आहे

मी मॅनेजर आहे, तेव्हा शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

कंपनी काय देते हे विचारताय, पण हायब्रिड बिघडतं ते मीटिंगच्या खोलीत. चौघं खोलीत बसलेले, कॅमेरा त्यांच्या पाठीवर, एकजण उठून व्हाइटबोर्डवर बाण काढतोय. घरून जोडलेली मुलगी दहा मिनिटांनी चॅटवर लिहिते, 'बोर्ड दिसत नाहीये'. तो चॅट कुणी वाचत नाही. मीटिंग संपते, चौघं चहाला जातात आणि खरा निर्णय टपरीवर होतो. दुसऱ्या दिवशी ती विचारते, हे कधी ठरलं?

आमच्या टीमपुरते आम्ही दोन नियम केले. एकजण जरी बाहेरून जोडलेला असेल तर प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवरून जोडायचं, एकाच इमारतीत असलो तरी. आणि टपरीवर जे ठरलं ते लिहून टाकल्याशिवाय ठरलं असं धरायचं नाही. कंपनीने यासाठी दिलं काय, तर हेडफोन. चांगले, आवाज गाळणारे. पण ते मागायला मला टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कंपनीच्या सभेत, उभं राहावं लागलं.

दुसरी बाजूही सांगतो. २०२१च्या बॅचची पोरं घरूनच जॉइन झाली, घरूनच कन्फर्म झाली. त्यांना शेजारी बसून कोड दाखवणारा सीनियर मिळालाच नाही. त्यांच्यासाठी मला टीमचे दिवस एकत्र हवे आहेत. सगळा आठवडा नको. पण सोमवारी सात, बुधवारी नऊ आणि शुक्रवारी मी एकटा, यात कुणाचंच भलं नाही. घरी माणसं थोडी सैलावतात हेही मला वाटतं, वाईट वाटून घेऊ नका.

---

आकडेमोड

@मीटिंगमध्ये_आहे, शेवटच्या वाक्यासाठी. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा अभ्यास जून २०२४मध्ये 'नेचर'मध्ये आला. चीनमधली ट्रिप.कॉम कंपनी, १,६१२ कर्मचारी. निम्म्यांना आठवड्यातले दोन दिवस घर, निम्मे पाचही दिवस ऑफिसात, आणि कोण कुठे जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. पुढच्या दोन वर्षांच्या अप्रेझलमध्ये आणि बढत्यांमध्ये फरक दिसला नाही. नोकरी सोडणारे मात्र एक तृतीयांशाने घटले, आणि ती घट ठळक होती बायकांमध्ये, मॅनेजर नसलेल्यांमध्ये आणि लांबून येणाऱ्यांमध्ये.

गंमत म्हणजे प्रयोगाआधी तिथल्या मॅनेजरांना विचारलं तर त्यांचाही अंदाज उत्पादकता घटेल असाच होता. प्रयोग संपल्यावर त्याच मॅनेजरांचं मत किंचित वाढीकडे झुकलं. म्हणजे तुम्ही एकटे नाही :-)

यात एक पाहण्यासारखं आहे. ते घरचे दोन दिवस ठरलेले होते, बुधवार आणि शुक्रवार. बाकीचे दिवस सगळे एकत्र. तुमच्या 'टीमचे दिवस एकत्र' या मुद्द्याशी ते जुळतं. शिवाय हे संशोधन दोन दिवस घर असणाऱ्यांचं आहे. ते पूर्णवेळ घरून काम करण्याच्या बाजूने कुणी वापरू नये.

---

मीटिंगमध्ये_आहे

मान्य. बढत्यांचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे रेटिंगच्या बैठकीत 'तो दिसतो तरी कुठे?' हे वाक्य अजून चालतं.

---

पाळणाघर_ते_पार्किंग

आता आयांच्या बाजूने.

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ला दुरुस्ती झाली. रजा बारा आठवड्यांवरून सव्वीसवर गेली हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच दुरुस्तीत आणखी दोन गोष्टी होत्या ज्या एचआर सहसा आपणहून सांगत नाही. एक, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. दोन, कामाचं स्वरूप तसं असेल तर रजा संपल्यावरही दोघांच्या संमतीने घरून काम करता येईल. नोव्हेंबर २०२५मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या तेव्हा हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत गेलं, विषय संपलेला नाही.

आता प्रत्यक्ष. माझ्या कंपनीने पाळणाघराशी टायअप केला, हिंजवडी फेज दोनमध्ये. सुंदर जागा, रंगीत भिंती, सीसीटीव्ही. मी राहते सिंहगड रस्त्याला. ऑफिसच्या दिवशी दीड वर्षाच्या पोरीला सकाळी साडेसातला गाडीत बांधायचं आणि भूमकर चौकात तासभर रडू द्यायचं. घरच्या दिवशी त्या पाळणाघराचा उपयोग शून्य. आणि घरच्या दिवशी पाळणाघर लागत नाही असं ज्याला वाटतं त्याने दीड वर्षाच्या मुलासमोर एकदा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, घेऊन दाखवावा. माझ्या मुलीने प्रोडक्शनच्या कॉलवर म्यूट काढून 'शीऽऽऽ' अशी घोषणा केलेली आहे.

आम्ही पाचसहाजणींनी मिळून अर्ज केला की टायअपचे पैसे आम्हाला घराजवळच्या पाळणाघराच्या पावतीवर द्या. चार महिने 'विचार चालू आहे'. मग आमच्यातली एक राजीनामा देऊन निघाली, चांगली आर्किटेक्ट होती, क्लायंटने तिचं नाव घेऊन विचारलं आणि पंधरा दिवसांत मंजुरी आली. आता कुठलंही नोंदणी असलेलं पाळणाघर चालतं. बापांनाही चालतं, हे विशेष. पहिला दावा एका बापानेच लावला.

---

टेम्सकाठचा_कोकणी

इंग्लंडमधून. इथे १९९२पासून स्क्रीनवर काम करणाऱ्यांसाठी वेगळे नियम आहेत आणि ते घरून काम करणाऱ्यालाही लागू आहेत. कंपनीने तुमच्या घरच्या टेबलाची तपासणी करायची, म्हणजे स्क्रीनची उंची, खुर्ची, प्रकाश, आणि मागितली तर डोळ्यांच्या तपासणीचा खर्च द्यायचा. वीज-हीटिंगसाठी कंपनी आठवड्याला सहा पौंड पावतीशिवाय करमुक्त देऊ शकते. एप्रिल २०२४पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लवचिक वेळेचा अर्ज करता येतो. मंजूर करायचं बंधन नाही, पण नकाराला कारण द्यावं लागतं.

ऐकायला छान. प्रत्यक्षात माझ्या घराची तपासणी म्हणजे मीच भरलेला ऑनलाइन फॉर्म. 'तुमचे पाय जमिनीला टेकतात का?' हो. संपलं. तरी एक आहे, फॉर्ममध्ये 'नाही' लिहिलं की कुणालातरी उत्तर द्यावं लागतं. माझ्या शेजारणीला तसा पाय ठेवायचा स्टूल आला.

---

मनुष्यबळ_मानहानी

एचआरमध्ये आहे, त्यामुळे मागचे सगळे प्रतिसाद वैयक्तिक घेतले आहेत :-)

दिवसांवर कंपन्या एवढ्या का अडतात, याचं एक कारण मॅनेजरच्या अहंकारात नसून कागदात होतं. हिंजवडी-खराडीतल्या बऱ्याच इमारती एसईझेडमध्ये, म्हणजे करसवलतीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात. तिथे सवलतीत आणलेलं सामान, अगदी लॅपटॉपसुद्धा, बाहेर न्यायचं तर परवानग्या. केंद्राने जुलै २०२२मध्ये नियम ४३अ आणून निम्म्या कर्मचाऱ्यांना वर्षभरासाठी घरून काम करू दिलं, मग डिसेंबरमध्ये निम्म्याची अट काढून मुदत वाढवली. बीपीओंचं (कॉल सेंटरसारखी बाहेरची कामं घेणाऱ्या कंपन्यांचं) त्याआधी आणखी अवघड होतं, घरून काम द्यायचं तर बँक गॅरंटीपर्यंत प्रकरण जायचं. दूरसंचार विभागाने ते नोव्हेंबर २०२०मध्ये मोकळं केलं. आता ही सबब पूर्वीइतकी उरलेली नाही, हे मी एचआर असून लिहिते आहे.

दुसरं, कुणी काढलं नाही म्हणून. लैंगिक छळाचा २०१३चा कायदा घरच्या दिवशीही लागू असतो. रात्री अकराला 'कॅमेरा ऑन कर ना, बघू तरी' हा मेसेज ऑफिसच्या चॅटवर आला काय किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर, तक्रार अंतर्गत समितीकडेच करायची. आमच्याकडे समितीला पहिल्यांदा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून आला तेव्हा बाहेरच्या सदस्य बाईंनीच सांगितलं की हे कामाच्या ठिकाणीच घडलंय. त्यानंतर आम्ही प्रशिक्षणातली उदाहरणं बदलली. आधीची सगळी लिफ्ट आणि पँट्रीतली होती.

---

कोपऱ्यातलं_टेबल

घरी काम करताना किंवा ऑफिसला येता-जाता काही झालं तर? आमच्या पॉलिसीत यावर अवाक्षर नाही.

---

तारीख_पे_तारीख

येण्याजाण्याचं सांगतो. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, प्रकरण आपल्याच धाराशिवकडचं. साखर कारखान्याचा रखवालदार २००३मध्ये पहाटेच्या पाळीला निघाला होता, वाटेत अपघात, मृत्यू. न्यायालयाने म्हटलं की घर ते काम या प्रवासातला अपघातही, वेळ-जागा-परिस्थिती यांचा कामाशी संबंध जुळत असेल तर, कामाच्या ओघातला धरता येईल. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे कलमात आलं आहे. घरात लॅपटॉपच्या वायरीला अडकून पडलात तर मात्र वाद होईल. पॉलिसीत घरचा पत्ता 'कामाचं ठिकाण' म्हणून आणि घरच्या दिवसाच्या वेळा लिहून घ्या. समूह अपघात विम्याचा कागदही मागा. तो चोवीस तासांचा असेल तर घर की ऑफिस हा वाद उरतच नाही. बहुतेक लोक तो कागद न वाचताच नोकरी सोडतात.

---

गाडी_बुला_रही_है

+१ सगळ्यांना. आमच्याकडे कोअर अवर्स अकरा ते चार. बाकीचे तास सकाळी घरून करा नाहीतर संध्याकाळी. हिंजवडीला नऊला पोचायचं नाही आणि सहाला निघायचं नाही, एवढ्यानेच अर्धा जीव वाचतो. मेट्रो येईल तेव्हा येईल.

---

रत्नांग्रीतून_लॉगिन

२०२०ला गावी आलो आणि राहिलो. वडील एकटे, आंब्याची कलमं, सगळंच. कंपनी पुण्याची. आठवड्याला तीन दिवसांचा फतवा आला तेव्हा राजीनामा टाइप करून ठेवला होता.

वाचवलं ते आमच्या डिलिव्हरी हेडने. तिने आठवड्याचा हिशेब महिन्याचा केला. बारा दिवस भरायचे, पण सलग भरले तरी चालतील. मी आता महिन्याच्या सुरुवातीला पुण्यात येतो, टीमचं प्लॅनिंग, रिव्ह्यू, नव्या पोरांना शिकवणं सगळं त्यात उरकतो, आणि उरलेला महिना गावी. क्लायंटसाठी ठेवलेलं गेस्टहाउस एरवी रिकामंच असतं, ते आम्हा बाहेरगावच्यांना दिलं. यात एचआरचं योगदान एवढंच की त्यांनी मोडता घातला नाही, आणि तेही थोडकं नाही.

गावी पावसाळ्यात कसं असतं तेही सांगतो, नाहीतर लोकांना वाटतं मी झोपाळ्यावर बसून कोड लिहितो. मिरगाचा पहिला गडगडाट ऐकला की आधी राउटरची पिन काढायची, मग लॅपटॉपची, मग फ्रीजची. एका विजेत राउटर आणि इन्व्हर्टरचं कार्ड दोन्ही गेली होती. फायबरची वायर वाटेत फणसाच्या फांदीवरून आलेली, ती फांदी पडली की गावातल्या लाइनमनला फोन. तो सांगतो, 'जेवून येतो.' टीमला हे सगळं माहीत आहे, त्यामुळे जून ते ऑगस्ट रिलीजच्या रात्री (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवतात तेव्हा) अडचण आली तर धावायला मी एकटा ऑनकॉल नसतो, जोडीला पुण्यातला कुणीतरी असतो. हे कुठल्याही पॉलिसीत लिहिलेलं नाही. लीड बदलला तर राहील की नाही, सांगता येत नाही.

---

मीटिंगमध्ये_आहे

@रत्नांग्रीतून_लॉगिन, तेच तर. चांगला लीड मिळाला तर सगळं ठीक, नाहीतर बोंब. लिहून घ्या हो.

---

दिवे_मालवा_आता

ऑनकॉलवरून आठवलं. ऑफिसच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळेंनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, डिसेंबर २०१८मध्ये, आणि पुन्हा डिसेंबर २०२५मध्ये. खासगी विधेयक मंजूर झाल्याला १९७०नंतर मुहूर्त लागलेला नाही, तेव्हा आशा बेताचीच. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४पासून. आमच्या कंपनीने निदान मेलच्या तळाशी एक ओळ टाकली आहे : 'तुमच्या कामाच्या वेळेबाहेर उत्तर अपेक्षित नाही.' ती ओळ असलेला मेल मला रात्री पावणेबाराला येतो, आणि सकाळी नऊला 'मेल पाहिला का?'

---

रत्नांग्रीतून_लॉगिन

@ताळेबंद, एक शंका. कंपनीची खुर्ची गावी आणलीय, तीन वर्षं झाली. उद्या नोकरी सोडली तर परत पाठवायची की ठेवता येते? इथून पुण्याला पाठवायचं भाडं खुर्चीपेक्षा जास्त होईल.

---

ताळेबंद

कंपनी तयार असेल तर ठेवता येते. फर्निचरची किंमत वापराच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला मूळ किमतीच्या दहा टक्क्यांनी कमी धरतात. दहा हजारांची खुर्ची, तीन वर्षं पूर्ण झाली, राहिले सात हजार. तुम्ही कंपनीला जेवढे भराल तेवढे त्यातून वजा, उरलेली रक्कम तुमच्या करपात्र उत्पन्नात. फुकट दिली तर पूर्ण सात हजार. लॅपटॉपचं गणित वेगळं, तिथे दरवर्षी उरलेल्या किमतीच्या निम्मे जातात, त्यामुळे तीन वर्षांनी जवळपास काहीच राहत नाही. नोटिस पिरियडमध्ये हे आठवणीने मेलवर मागा. शेवटच्या दिवशी आयटीवाल्याच्या यादीत 'चेअर - नॉट रिटर्न्ड' लागलं की फुल अँड फायनलमधून, म्हणजे शेवटच्या हिशेबातून, पूर्ण दहा हजार कापून मोकळे होतात, आणि मग भांडत बसावं लागतं.